'चेक इंजिन' दिव्याचा इतिहास आणि जुन्या वाहनातील दोषनिदानाचा प्रश्न

बीजसंज्ञा : चेक इंजिन दिवा, दोषनिदान, धुरके, उत्सर्जन मानके, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, भारत स्टेज मानके, दुरुस्तीचा हक्क.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे रेल्वे, तारयंत्र, मुद्रणयंत्र, गिरणी अशा मोठ्या साधनांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गेले आहे. रोजच्या वापरातील लहान साधनांचा इतिहास मात्र बहुधा अलिखितच राहतो. मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा जो पिवळसर दिवा लागतो, तो असाच एक दुर्लक्षित विषय होय. बहुतेक वाहनधारकांच्या दृष्टीने हा दिवा म्हणजे एक कटकट असते. गाडी नीट चालत असते, ॲव्हरेजही बरे मिळते, तरी दिवा जात नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तो घालवला, तर दोन-तीन दिवसांत पुन्हा लागतो.

प्रस्तुत लेखकाच्या वापरातील २०१४ सालच्या पेट्रोल मोटारीत हा दिवा सुमारे अकरा महिने लागत-विझत होता. या काळात प्रथम ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग प्लग बदलले आणि शेवटी फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला. पंपाचा खर्च करण्यापूर्वी एका वयस्कर मिस्त्रींनी एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप वाकवून दाखवला. त्याच्या घडीत बोटाच्या पेराएवढी चीर होती. पाइप बदलला आणि दिवा गेला. आधीच्या दुरुस्त्यांच्या मानाने हा खर्च अगदीच किरकोळ होता. या अनुभवातून एक प्रश्न उभा राहिला. दिवा खोटे बोलत नव्हता आणि दुरुस्ती करणारेही अप्रामाणिक नव्हते, तरी अकरा महिने निदान चुकत का राहिले? या प्रश्नाचे उत्तर तंत्रात आहे, तसेच ते इतिहासातही आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) 'चेक इंजिन' दिव्याच्या उगमामागील सामाजिक व कायदेशीर कारणांचा मागोवा घेणे.
२) हा दिवा नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, हे स्पष्ट करणे.
३) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, जुन्या वाहनांच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व तपासणे.

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

१. लॉस एंजेलिसचे धुरके : एका चुकलेल्या निदानाची कथा

या दिव्याचा इतिहास मोटारीत सुरू होत नाही. तो एका शहराच्या हवेत सुरू होतो. २६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले आणि जवळच्या इमारतीही दिसेनाशा झाल्या. दुसरे महायुद्ध ऐन भरात असल्यामुळे हा जपानचा रासायनिक हल्ला असावा, अशीही शंका काहींना आली. पुढे संशयाची सुई कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन तयार करणाऱ्या एका कारखान्याकडे वळली. तेथील काम थांबवण्यात आले, परंतु धुरके काही थांबले नाही.

येथे निदानशास्त्रातील एक मूलभूत चूक दिसते. लक्षण दिसताच जवळच्या, डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूला दोषी ठरवायचे, ती हटवायची आणि लक्षण कायम राहिले की दुसरी वस्तू शोधायची, असा हा मार्ग आहे. जुन्या मोटारीचा सेन्सर, मग प्लग, मग पंप बदलत जाण्याची रीतही याच जातीची आहे.

या प्रश्नाची उकल कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी केली. ते अननसाच्या स्वादातील रासायनिक द्रव्यांचा अभ्यास करीत होते. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. पेट्रोलमधून व धुरातून येणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व अन्य चुरचुरणारी द्रव्ये तयार होतात, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. ओझोनमुळे रबराला चिरा पडतात, या गुणधर्माचा उपयोग हवेतील ओझोन मोजण्यासाठीही तेव्हा केला गेला. या संशोधनाचा अर्थ मोटार उद्योगाला गैरसोयीचा होता. धुरक्याचा मोठा वाटेकरी एखादा कारखाना नव्हता, तर शहरातील लाखो मोटारी होत्या. दोष एका ठिकाणी नव्हता, तो सर्वत्र विखुरलेला होता.

२. कायदा, कन्व्हर्टर आणि संगणक

दोष विखुरलेला असेल तर नियंत्रणही प्रत्येक वाहनापर्यंत पोहोचवावे लागते. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मॉडेलपासून मोटारींच्या धुरावर मर्यादा घातल्या. १९६७ मध्ये कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाची स्थापना झाली आणि हागन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींचे उत्सर्जन सुमारे ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन संपूर्ण अमेरिकेत घातले. उद्योगाच्या विरोधामुळे मुदती लांबल्या, परंतु १९७५ च्या मॉडेलपासून बहुसंख्य अमेरिकी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसेयुक्त पेट्रोलमुळे कन्व्हर्टर निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलही त्याबरोबर आले.

पुढची पायरी अधिक अवघड होती. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर एकाच वेळी काम करणारा कन्व्हर्टर नीट चालण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ ला १ असे, फारच अरुंद मर्यादेत राखावे लागते. कार्बोरेटरला हे साधणे कठीण होते. मग धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. बॉश कंपनीचा हा सेन्सर व्होल्व्होने १९७७ च्या मॉडेलसाठी कॅलिफोर्नियात प्रथम वापरला. सेन्सरचा संदेश वाचून इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी बदलण्यासाठी संगणक आवश्यक झाला. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या पेट्रोल मोटारींत असा संगणक बसवला होता.

म्हणजेच मोटारीत संगणक शिरला तो प्रामुख्याने हवा सांभाळण्यासाठी. चालकाची सोय हा त्याचा मूळ हेतू नव्हता. 'चेक इंजिन' दिवा हा त्याच संगणकाचा आवाज होय.

३. लुकलुकणाऱ्या संकेतांपासून समान भाषेपर्यंत

१९८० च्या दशकातील निदानाची रीत आज मनोरंजक वाटते. जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशबोर्डखालच्या जोडणीतील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून इग्निशन चालू केले, की 'चेक इंजिन' दिवा लुकलुकू लागे. एक उघडझाप, थोडा विराम, मग दोन उघडझापी म्हणजे संकेत १२. निदानयंत्रणा जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे संकेत मोजून पुस्तिकेत पाहावे लागत. अडचण अशी, की प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी, संकेत निराळे आणि पुस्तिकाही निराळी होती. कंपनीबाहेरच्या मिस्त्रीला या भाषा शिकणे जवळपास अशक्य होते.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून पहिल्या पिढीची निदानव्यवस्था, म्हणजे ओबीडी-१, अमलात आणण्यास आरंभ केला आणि १९९१ पर्यंत ती सर्वत्र लागू केली. तिच्यात विद्युत मंडल तुटले आहे का, सेन्सर जिवंत आहे का, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाई. कन्व्हर्टर आपले काम करतो की नाही, याकडे तिचे लक्ष नव्हते. ही उणीव ओबीडी-२ या दुसऱ्या पिढीने भरून काढली. १९९० मधील स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीने तिला राष्ट्रीय आधार दिला. १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारी व हलक्या ट्रकांना ती बंधनकारक झाली. सोळा पिनांची एकच जोडणी, तीही चालकाच्या आसनाजवळ, आणि मूलभूत संकेतांची एकच भाषा, हे तिचे वैशिष्ट्य. युरोपातही पेट्रोल मोटारींसाठी २००१ पर्यंत अशीच व्यवस्था लागू झाली.

या प्रमाणीकरणाची तुलना वजनमापांच्या प्रमाणीकरणाशी करता येईल. माप समान झाले की व्यापारावरील मक्तेदारी सैल होते. संकेत समान झाले आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही गाडीच्या संगणकाशी बोलता येऊ लागले.

४. दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

अमेरिकी व्यवस्थेत या दिव्याचा मूळ निकष उत्सर्जनाचा आहे. बहुतेक प्रमुख घटकांच्या बाबतीत, बिघाडामुळे उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याचा संभव निर्माण झाला, की दिवा लागावा, असे हे गणित आहे. त्यामुळे गाडी उत्तम पळत असतानाही दिवा लागू शकतो.

दिवा एकदम लागत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्यावरच तो लागतो. पुढे सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर तो आपोआप विझतो आणि इंजिन सुमारे चाळीस वेळा तापून निवल्यानंतर स्मृतीतील संकेतही पुसला जातो. स्कॅनरने संकेत पुसल्यावर दोन-तीन दिवसांनी दिवा परत का लागतो, याचे उत्तर येथे मिळते. दोष तसाच असतो, फक्त त्याची नोंद पुसलेली असते. शिवाय दोष घडला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, भार किती होता, याची संगणकाने जपलेली नोंदही पुसताना नष्ट होते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे सहज पटावे. आधी कागद जाळायचा आणि मग पुरावा शोधायचा, असा हा प्रकार आहे. दिवा लुकलुकत असेल तर मात्र तो तातडीचा इशारा समजावा. इंजिन मिस मारत असून न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळण्याचा व तो कायमचा खराब होण्याचा धोका असतो.

संकेत भागाचे नाव सांगतो, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. संकेत फक्त निरीक्षण नोंदवतो. पी ०१७१ हा संकेत 'मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त' एवढेच म्हणतो. ऑक्सिजन सेन्सर बिघडला आहे, असे तो म्हणत नाही. उलट सेन्सरने आपले काम चोख केले म्हणूनच हा संकेत बहुधा नोंदला जातो. त्यामागे फाटलेला रबरी पाइप, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप यांपैकी काहीही असू शकते. यांतील निवड करण्यासाठी संगणक किती टक्के जादा पेट्रोल सोडतो आहे, हे पाहावे लागते. इंजिन आयडलवर असताना ही भर मोठी आणि वेग वाढवल्यावर कमी होत असेल, तर कोठून तरी न मोजलेली हवा आत येते आहे, असे अनुमान निघते. कारण चिरेतून येणारी हवा आयडलवरच्या थोड्या हवेच्या मानाने मोठी, तर वेगातल्या पुष्कळ हवेच्या मानाने क्षुल्लक ठरते. याउलट भार वाढेल तशी भर वाढत असेल, तर इंधनपुरवठा अथवा हवा मोजणारा सेन्सर संशयास्पद ठरतो. लेखकाच्या गाडीत पहिला प्रकार होता, परंतु हे आकडे पाहण्याआधीच भाग बदलले गेले होते.

पी ०४२० या संकेताचेही असेच आहे. निरोगी कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो, त्यामुळे त्याच्या आधीच्या सेन्सरचा संदेश वरखाली होत असला तरी नंतरच्या सेन्सरचा संदेश बराचसा स्थिर राहतो. तोही पहिल्याची नक्कल करू लागला, की संगणक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे नोंदवतो. परंतु सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरजवळ गळती असेल, तरीही असे चित्र दिसू शकते. कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला असला, तरी तो कशाने झाला, हा प्रश्न उरतोच. इंजिन ऑइल जाळत असेल किंवा मिस मारत असेल, तर नवा कन्व्हर्टरही जुन्याच वाटेने जाईल.

५. भारतीय आणि महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात हा प्रवास न्यायालयाच्या वाटेने पुढे सरकला. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व शिसेविरहित पेट्रोल आले, तर २००० पर्यंत देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ मानके तेरा शहरांत लागू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर यांचा समावेश होता. या वाहनांना ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झाली. उर्वरित महाराष्ट्रात मात्र भारत स्टेज-४ पूर्णपणे लागू होण्यास एप्रिल २०१७ उजाडले. परिणामी एकाच वर्षी पुण्यात आणि नांदेडला घेतलेल्या वाहनांवरील कायदेशीर बंधन सारखे नव्हते. जुन्या गाडीचा दिवा वाचताना तिचे उत्पादनवर्ष व नोंदणीचे ठिकाण विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ देशभर एकाच वेळी आल्याने ही विषमता नव्या वाहनांपुरती संपली.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत १९९६ व त्यानंतरच्या वाहनांची तपासणी करताना संगणकातील नोंदी वाचल्या जातात आणि दिवा लागलेला असेल तर वाहन अनुत्तीर्ण ठरते. आपल्याकडील पीयूसी चाचणीचा भर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार एक्झॉस्टच्या धुरावर राहिला आहे. पेट्रोल वाहनात आयडलवरील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, तर डिझेल वाहनात धुराची घनता पाहिली जाते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी या चाचणीत होत नाही. त्यामुळे दिवा लागलेल्या गाडीलाही पीयूसी प्रमाणपत्र मिळू शकते. जो दिवा सार्वजनिक हवेसाठी जन्माला आला, तो आपल्याकडे मालकाची खाजगी चिंता होऊन बसला आहे.

६. व्यवस्थेच्या मर्यादा आणि दुरुस्तीचा हक्क

या व्यवस्थेवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, हे सप्टेंबर २०१५ मध्ये जगासमोर आले. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील संगणक चाचणी ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी ठेवत असल्याचे अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने उघड केले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत असे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले. ही वाहने रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत असताना इशाऱ्याचा दिवा मात्र लागत नव्हता. साक्षीदार आणि आरोपी एकाच संगणकात असतील, तर साक्ष बाहेरून तपासावीच लागते.

दुसरा प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये कायदा करून स्वतंत्र गॅरेजांना निदानाची माहिती व साधने मिळण्याचा हक्क दिला. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानसाधने व तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांना खुलेपणाने न देणे, हे त्यामागचे कारण होते. या आदेशाला पुढे कायदेशीर आव्हान दिले गेले, तरी त्यात मांडलेला प्रश्न मोलाचा आहे. संकेत सर्वांना वाचता येतो, पण त्याचा अर्थ लावण्याची माहिती काहींकडेच असेल, तर उरलेल्यांच्या हाती भाग बदलून पाहणे एवढेच राहते. वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीचा मालक बहुधा अशाच गॅरेजात जातो. त्यामुळे चुकीच्या निदानाचा भुर्दंड ज्याला तो परवडत नाही, त्याच्यावरच पडतो.

निष्कर्ष

१) 'चेक इंजिन' दिव्याचा उगम चालकाच्या सोयीत नसून सार्वजनिक हवेच्या रक्षणात आहे. गाडी चांगली चालत असताना दिवा लागणे ही विसंगती नसून त्याच्या मूळ हेतूशी सुसंगत बाब आहे.

२) संकेत हा निष्कर्ष नसून पुरावा आहे. संकेत पुसण्यापूर्वी तो व त्यासोबतची नोंद लिहून ठेवणे, मग गळती, पाइप, फिल्टर यांसारख्या स्वस्त शक्यता तपासणे, आकड्यांची तुलना करणे आणि शेवटी भाग बदलणे, हा क्रम पाळल्यास खर्च व वेळ दोन्ही वाचतात.

३) संकेतांच्या प्रमाणीकरणाने निदानाचे ज्ञान काही प्रमाणात लोकांपर्यंत पोहोचवले. तथापि, माहिती व प्रशिक्षण यांची जोड नसेल तर स्कॅनर हे निदानाचे साधन न राहता दिवा विझवण्याचे साधन बनते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात संकेत वाचण्याइतकेच संकेताचा अर्थ लावण्यालाही स्थान मिळणे इष्ट आहे.

४) पीयूसी चाचणीत डॅशबोर्डवरील दिवा व संगणकातील नोंद यांचा समावेश करण्याचा विचार व्हावा. मात्र स्वतंत्र गॅरेजांना माहिती उपलब्ध करून न देता असे बंधन घातल्यास त्याचा सर्व भार जुन्या वाहनांच्या मालकांवर पडेल, याचे भान ठेवले पाहिजे.

१९४३ मध्ये लॉस एंजेलिसने एक कारखाना थांबवला आणि धुरके संपेल अशी आशा बाळगली. खरे कारण सापडण्यासाठी आणखी काही वर्षे आणि वेगळ्या रीतीने प्रश्न विचारणारा एक अभ्यासक लागला. जुन्या गाडीतील न विझणाऱ्या दिव्यासमोर उभे राहताना आपल्यालाही कोणता भाग बदलायचा, हे विचारण्याआधी संगणकाने नेमके काय पाहिले, हे विचारावे लागते. उत्तर शोधण्याची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.